हॉस्पिसची पारख रात्री होते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘आता आजार बरा होणार नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले की रुग्णाला पुढे कुठे ठेवायचे, याचा निर्णय घरच्यांना जेमतेम दोन-तीन दिवसांत घ्यावा लागतो. या दिवसांत हाताशी येतात त्या हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांच्या याद्या, आपल्या दैनिकातही छापून येतात तशा. त्यांत पत्ता, खाटांची संख्या, बागेचा फोटो आणि ‘घरच्यासारखी सेवा’ एवढेच असते. ज्यावरून पारख करायची ते कुठेच लिहिलेले नसते. आम्ही शेवटच्या टप्प्यातील रुग्णांच्या शुश्रूषेचे काम करणाऱ्या परिचारिका आणि समाजसेवक आहोत. नातेवाइकांनी केंद्रात जाऊन काय विचारावे आणि काय पाहावे, ते वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आधी एक घोटाळा दूर करू. हॉस्पिस म्हणजे वृद्धाश्रम नव्हे आणि चोवीस तास मावशी पुरवणारा ब्युरोही नव्हे. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाने १९८६ मध्ये देशातील पहिले हॉस्पिस सुरू केले. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांना मोफत सेवा मिळते. पुढे ‘पॅलिएटिव्ह केअर’ (उपशामक सेवा) हे शब्द पाट्यांवर दिसू लागले आणि त्यांखाली काहीही चालू लागले. वेदना, धाप, उलटी, जखम, बद्धकोष्ठ आणि भीती या सगळ्यांवर पद्धतशीर उपचार म्हणजे उपशामक सेवा. आंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे ही सेवा मोलाची आहे, पण वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला तेवढी पुरत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाचा. फोनवरच विचारा: ‘तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे आहेत का? गेल्या तीन महिन्यांत त्या कधी संपल्या होत्या का?’ मॉर्फिन बाहेरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. साठ्याची नोंदवही मात्र ठेवावी लागते. ‘आमच्याकडे मान्यता नाही, लागले तर बाहेरून आणू’ असे उत्तर आले तर मध्यरात्री ते कुठूनही येणार नाही, हे गृहीत धरा. ‘आम्ही ट्रॅमाडॉल (मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामक) देतो, त्यात भागते’ हे उत्तरही पुरेसे नाही. ट्रॅमाडॉलला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हाडात पसरलेल्या कॅन्सरची कळ पुष्कळदा त्याच्या पलीकडची असते. डायक्लोफेनॅकची इंजेक्शने दिवसामागून दिवस टोचत राहणे तर मूत्रपिंडाला आणि जठराला घातक.

मॉर्फिन असणे वेगळे आणि ते नीट देता येणे वेगळे. साधी गोळी सुमारे चार तास पुरते, म्हणून ती दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची असते. झोपताना डॉक्टर बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे पहाटे दोनला रुग्णाला उठवावे लागत नाही. वृद्ध किंवा अशक्त रुग्णात सुरुवात २.५ ते ५ मिलिग्रॅमने होते. मधेच कळ उसळली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग जादा द्यायचा, हे केसपेपरवर आधीच लिहिलेले हवे. ‘दुखले की सांगा, मग देऊ’ असे जिथे चालते तिथे रुग्णाचा निम्मा दिवस दुखण्यात आणि निम्मा गुंगीत जातो. आणि दोष मॉर्फिनवर येतो.

मॉर्फिन सुरू होते त्याच दिवशी पोट साफ होण्याचे औषधही सुरू झाले पाहिजे, बिसाकोडिल किंवा सेनासारखे. मॉर्फिनने आतड्याची हालचाल मंदावते आणि बाकीचे त्रास ओसरले तरी हा त्रास राहतो. नुसत्या इसबगोलवर भागवणारे केंद्र चुकते आहे, कारण पाणी कमी पिणाऱ्या रुग्णात इसबगोलचा गोळा होऊन आतडे अडू शकते. शौचाला कधी झाली ही नोंद रोजच्या कागदावर आहे का, ते पाहा. तीन दिवस ती जागा रिकामी असूनही कोणी विचारले नसेल, तर त्या केंद्राबद्दल बरेच काही कळते.

दंडावर चिकटवायच्या फेंटानिलच्या (मॉर्फिनच्याच गटातील वेदनाशामकाच्या) पट्टीचे हल्ली फार कौतुक ऐकू येते. गिळता येत नसेल किंवा मूत्रपिंड निकामी असेल तेव्हा ती उपयोगाची आहे, कारण मूत्रपिंड काम करत नसेल तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठतात. पण पट्टीचा पुरता परिणाम यायला बारा तास किंवा अधिक लागतात आणि ती ७२ तासांनी बदलायची असते. पट्टी लावून त्या रात्री दुसरे काहीच न देणे म्हणजे रुग्णाला ती रात्र कळांत काढायला लावणे. ज्याने या गटातले औषध आधी घेतलेलेच नाही, त्याला थेट पट्टी लावणे धोक्याचे आहे. ताप चढला किंवा पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध झपाट्याने अंगात जाते. याची सूचना सिस्टर आपणहून देतात का, याकडे लक्ष ठेवा.

वेदना मोजली जाते का, हेही विचारा. शून्य ते दहा या मापावर रुग्णाने सांगितलेला आकडा आणि गोळीनंतर तासाभराने पुन्हा विचारलेला आकडा, दोन्ही कागदावर हवेत. दुसऱ्या रुग्णाचा केसपेपर मागू नका, तो त्याचा खासगी आहे. कोरा नमुना मात्र मागा. त्यात वेदनेचा रकाना नसेल तर पुढे फार काही विचारायला नको.

आता प्रत्यक्ष भेट. ती सकाळी अकराला, ऑफिसमधल्या मॅडम असतात तेव्हा घेऊ नका. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जा. वॉर्डात शिरताच येणारा वास, रुग्णांचे ओठ आणि टाचा, एवढ्यावरून निम्मी परीक्षा होते. ओठ भेगाळलेले आणि जिभेवर पांढरा थर असेल तर तोंडाची स्वच्छता होत नाही. कूस बदलल्याच्या तक्त्यातील सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच हातच्या आणि बरोबर दोन-दोन तासांच्या असतील, तर तो तक्ता ड्युटी संपताना भरलेला असण्याची शक्यता दाट. एअर बेड चालू आहे का, हे कानाने कळते. त्यात पुरेशी हवा आहे का, हे हाताने कळते. रुग्णाच्या माकडहाडाखाली, हवेच्या गादीच्या खालून तळहात वर करून सरकवा. मधे सुमारे इंचभर हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड थेट हाताला लागत असेल तर गादी असून नसल्यासारखी. गादीवर रेक्झिन, त्यावर घडी घातलेली चादर आणि त्यावर डायपरशीट असे थर चढवले की तिचा उपयोग संपतो. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा समज जिथे आहे तिथे शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होणारच.

उघड्या जखमेच्या दुर्गंधीने रुग्ण खचतो, नातवंडे खोलीत येईनाशी होतात. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर टाकणे हा स्वस्त आणि जुना उपाय आहे. तुम्ही दुर्गंधीचे काय करता, असे विचारल्यावर सिस्टरने हे लगेच सांगितले तर ती हे काम जाणते. ‘रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतो’ असे उत्तर आले तर ती जुनी सवय आहे, त्याने नव्याने भरणारी कातडीही जळते.

घरी येऊन सेवा देणाऱ्यांची पारख करणे अधिक अवघड. इथे सगळी भिस्त फोनवर. करार करण्यापूर्वी रात्री साडेदहानंतर एकदा त्यांच्या नंबरवर फोन करा. कोण उचलते, आणि उचलणारा औषधांविषयी बोलू शकतो की नुसता निरोप घेतो? प्रत्येक प्रश्नावर ‘ॲडमिट करा’ हेच उत्तर असेल तर ती घरपोच सेवा नव्हे. चांगले पथक पहिल्याच आठवड्यात घरात एक डबा ठेवून जाते. त्यात मॉर्फिनच्या गोळ्या, उलटी आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल, तळमळीसाठी मिडाझोलाम, घशातील घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन असते आणि सोबत कोणते कधी व किती, हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. गिळणे थांबल्यावर औषधे कातडीखाली बसवलेल्या बारीक बटरफ्लाय सुईतून देता येतात, शीर शोधत हात सुजवावा लागत नाही. रक्तस्रावाची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगणारी सिस्टर पुढचा विचार करते आहे. पांढऱ्या चादरीवरचे रक्त घरचे लोक आयुष्यभर विसरत नाहीत.

धाप लागल्यावर चेहऱ्यावर टेबलफॅनचा झोत, उशांनी टेकवून बसवणे आणि अगदी कमी मात्रेतील मॉर्फिन, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. शेवटच्या दिवसांतील घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, पण तोवर रुग्ण बहुधा त्या जाणिवेपलीकडे गेलेला असतो. कुशीवर वळवणे आणि ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनचे इंजेक्शन पुरते. घशात वारंवार नळी घालून ओढत बसणे त्रासाचेच. तीच गोष्ट सलाईनची. शरीर बंद होत आले असताना रोज दोन बाटल्या चढवल्या तर पाय सुजतात, छातीत पाणी होते, घरघर वाढते. ‘उपाशी कसे ठेवायचे?’ हा घरच्यांचा प्रश्न मायेचा असतो. त्याला शांतपणे, वेळ देऊन उत्तर देणे हे केंद्राचे काम. सगळ्यांना सरसकट सलाईन लावून बिलात ओळ वाढवणारे केंद्र हे काम टाळते.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल आधी विचारायला लोकांना संकोच वाटतो. तरी विचाराच. मृत्यू घरी झाला तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा नमुना ४-अ भरून द्यायचा असतो, संस्थेत झाला तर नमुना ४. नोंदणी २१ दिवसांत करायची असते, पण अडचण येते ती पहिल्याच रात्री, स्मशानाच्या पासासाठी. ज्यांच्या डॉक्टरांनी रुग्णाला महिन्याभरात पाहिलेलेच नाही, ते सही करायला कचरतात. मग पहाटे तीनला घरचे लोक ओळखीचा डॉक्टर शोधत फिरतात. ‘रात्री सही कोण करेल?’ याचे उत्तर एका डॉक्टरच्या नावाने मिळाले पाहिजे.

कृत्रिम श्वासोच्छ्वास नको, अशी इच्छा रुग्णाने लिहून ठेवली असेल तर तेही सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. केंद्राने त्याची प्रत फाइलमध्ये सर्वांत वर लावायला हवी.

माणसांविषयी दोनच गोष्टी. डॉक्टरांनी उपशामक सेवेचे प्रशिक्षण कुठे आणि किती दिवस घेतले? टाटा रुग्णालयात या विषयाची एमडी पदवी २०१२ पासून आहे, इतरत्र सहा आठवड्यांचे अभ्यासक्रमही आहेत. पदवी नसली तरी चालेल, पण अनुभवी पथकाबरोबर रुग्णांजवळ बसून शिकलेला माणूस हवा. आणि रात्री वॉर्डात नोंदणीकृत सिस्टर किती, मावशी किती? दोन्ही आकडे वेगवेगळे घ्या, ‘स्टाफ सहा जण’ यात काही कळत नाही.

खर्चाचे म्हणाल तर सात दिवसांचे नमुना बिल मागा. खाटेचा दर कमी ठेवून डायपर, हातमोजे, ड्रेसिंग यांवर वसुली होते. दुसऱ्याच दिवशी रुग्ण गेला तर डिपॉझिट किती परत, हे लेखी घ्या. आरोग्य विम्यात हॉस्पिसची खाट बहुधा बसत नाही, म्हणून कंपनीचे उत्तर आधीच ईमेलवर मागवा.

इंटरनेटवरच्या तारांकित अभिप्रायांवर फार विसंबू नका. ते लिहिणारी माणसे दुःखात असतात आणि कोणी गोड बोलले याबद्दलही कृतज्ञ असतात. त्यांच्या रुग्णाची कळ थांबली का, हे त्यात क्वचितच असते. त्यापेक्षा केंद्राला विचारा की रुग्ण गेल्यावर घरच्यांना फोन कधी करता, आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, नोंद करून परत घेता का? ज्यांना दोन्ही प्रश्नांची उत्तरे आठवावी लागत नाहीत, तिथे आम्ही आमच्या घरचे माणूस ठेवू.

आपल्या दैनिकात पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक केंद्राच्या नावापुढे चार रकाने द्यावेत, ही विनंती: मॉर्फिनच्या गोळ्या आहेत की नाहीत, रात्री फोन कोण उचलते, रात्रपाळीला नोंदणीकृत सिस्टर किती, आणि घरी मृत्यू झाल्यास ४-अ कोण देते. जे केंद्र उत्तर देणार नाही त्याचा रकाना कोरा छापावा.

आपले,
घरपोच उपशामक सेवेत काम करणाऱ्या काही परिचारिका व समाजसेवक, पुणे