चौथीच्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

निकालाच्या दिवशी मागे पालकांची रांग होती, बोलायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र, आपल्या ऐरोलीतल्या इतर पालकांनीही वाचावं असं.

आधीच्या शाळेत लेकीची गणितं सगळ्यांच्या आधी व्हायची. मग तिला वह्या वाटायला लावत. नवं काही शिकायला मिळत नसे. तुम्ही पहिल्या पालकसभेत सांगितलंत, की अशी पाच-सहा मुलं सगळ्या तुकड्यांत विखुरण्याऐवजी तुमच्या एका वर्गात ठेवली आहेत, बाकी वर्ग सरमिसळ. मी जरा धास्तावलेच. आमच्या वेळी ‘ड’ तुकडीचा शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नसे.

पण तुमचा गट कायमचा नव्हताच. प्रत्येक धड्याआधी छोटी चाचणी. ज्याला भागाकार येतो, त्याने तो पुन्हा गिरवायचा नाही. स्वाध्यायातली सगळ्यांत अवघड पाच गणितं आधी सोडवायची. चार बरोबर आली की बाकीची माफ. आणि ही सवलत वर्गातल्या कुणालाही.

वाचलेल्या वेळात तुम्ही खाडी हाती घेतलीत. फ्लेमिंगो ओहोटीला चिखलात चरायला उतरतात, मग ओहोटी कधी? तिथे गणितात चाचपडणारा कोळीवाड्यातला मुलगा पुढे सरसावला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आजोबांचा हिशेब त्याने फळ्यावर मांडला: अष्टमीला 6 वाजता, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पाऊणकी शिकायला याहून चांगलं निमित्त कुठलं? छापील कोष्टकाशी ताडून पाहिलं तर फरक निघाला, आणि ‘खाडीत आत पाणी उशिरा पोचतं’ इथपर्यंत पोरं भांडत भांडत स्वतःच आली. घरी आमच्या जेवणाच्या वेळाही काही दिवस तिथीवर मोजल्या जात होत्या, ते असो!

या सगळ्यासाठी दर धड्याला दोन-दोन प्रकारचे कागद तुम्ही घरी बसून तयार केलेत. भरलेल्या वर्गात, तपासणीच्या वह्यांचा ढीग असताना. त्याचे आभार मानावे तेवढे थोडेच.

पाचवीतही हा गट असाच ठेवावा आणि तुमचे कागद नव्या बाईंना मिळावेत, अशी विनंती मुख्याध्यापकांना केली आहे. अर्जावर आणखी काही पालकांच्या सह्या आहेत. कोळीवाड्यातल्या त्या मुलाच्या आईचीही.

आपली नम्र,
चौथीतल्या एका मुलीची आई