तीन महिने आत काय राहतं?

लालबाग, मुंबई
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुतारी एक्स्प्रेस वेळेवर पोचली आणि बाबांना प्रवासाचा त्रास झाला नाही, हे आईच्या फोनवरून कळलं. जे बोलायचं होतं ते फोनवर जमलं नसतं. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आई, तू दर दोन वाक्यांनी ‘जेवलीस का’ विचारतेस. म्हणून लिहिते आहे. हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. घाई करू नकोस.

बाबा, गुरुवारी इंजेक्शनच्या वेळी नर्सनं पांढरी पूड आणि पातळ द्रव एकत्र करून हलवलं, तेव्हा तुम्ही टक लावून बघत होतात. ते खडूच्या पाण्यासारखं झालं. ‘हे विरघळलंच नाही,’ असं तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, ‘असंच असतं काका.’ मग टॅक्सीत तुम्ही मला विचारलंत, ‘तीन महिने काम करतं, म्हणजे तीन महिने आत काय राहतं?’ मी नुसतं ‘औषध’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. ते उत्तर अर्धवट होतं. ज्या गोष्टीवर मी गेली वीस वर्षं काम करते आहे, तीच तुमच्या अंगात टोचली जात होती आणि मला तिथे बोलवेना.

आत राहतात ते बारीक कण. केसाच्या जाडीहूनही लहान. औषध त्या कणांमध्ये अडकवलेलं असतं, म्हणून ते पाण्यात विरघळलेलं दिसत नाही. आणि हे कण पॉलिमरचे असतात. तुमच्या भाषेत प्लास्टिकचे.

हा शब्द मला तुमच्यासमोर उच्चारायला का जड जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे. 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मी नेमकी कलिन्याला होते. रात्र जिन्यात बसून काढली. दुसऱ्या दिवशी कुर्ल्यावरून चालत निघाले, तर शीव स्टेशनजवळ तुम्ही समोरून येताना दिसलात. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात बंद छत्री. तुम्ही काहीच बोलला नाहीत, माझी पिशवी तेवढी खांद्यावर घेतलीत. वाटेत प्रत्येक कठड्याला, प्रत्येक जाळीला पिशव्या चिकटल्या होत्या. घरी आल्यावर म्हणालात, ‘या प्लास्टिकनं मुंबई बुडवली.’ पुढे पीएच.डी. झाल्यावर मी पॉलिमरच्या कामावर लागले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत खरे, पण गणपतीत सगळ्यांसमोर विचारलंत, ‘म्हणजे प्लास्टिकच ना शेवटी?’ तेव्हाही मी गप्प राहिले. आज सांगते.

पॉलिमर म्हणजे साखळी. एकाच रेणूला तोच रेणू, त्याला पुन्हा तोच, असे हजारो जोडलेले. पिशवी तशीच बनते. पण कापूसही तसाच, बाबा. कापसाचा धागा म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी. ताण्याला लावायची खळ, तिच्यातला स्टार्च हीसुद्धा ग्लुकोजचीच साखळी, फक्त जोडणी वेगळी. गिरणीचा संप होईपर्यंत साच्यांवर तुम्ही काढलेल्या सगळ्या पाळ्या पॉलिमरच्याच होत्या. मॅट्रिक न झालेले वडील म्हणून तुम्ही माझ्या कॉलेजात संकोचून उभे राहायचात, तेव्हा मला हेच सांगावंसं वाटायचं.

तुमच्या इंजेक्शनातली साखळी लॅक्टिक ॲसिडची आहे. विरजण लावल्यावर दही आंबट होतं ते याच ॲसिडमुळे. घाटी चढताना तुमच्या पोटऱ्या भरून येतात तेव्हा स्नायूंतही हेच तयार होतं, आणि त्याचं काय करायचं ते शरीराला चांगलं ठाऊक असतं. कण आत गेले की अंगातलं पाणी साखळीचे दुवे तोडत राहतं. साखळी तुटत जाते तसं औषध थोडंथोडं बाहेर येतं. उरलेलं लॅक्टिक ॲसिड शरीर जाळून टाकतं आणि शेवटी श्वासातून, पाण्यातून निघून जातं. दर महिन्याच्या इंजेक्शनात बहुधा लॅक्टिकबरोबर ग्लायकोलिक ॲसिडही घालतात, म्हणजे साखळी लवकर तुटते. जास्त दिवस टिकवायची तर लॅक्टिक वाढवायचं. हे औषध, ल्युप्रोलाइड, अमेरिकेत 1985 साली आलं तेव्हा रोज टोचावं लागायचं, कारण नुसतं दिलं तर शरीर ते काही तासांत संपवतं. महिन्याचं इंजेक्शन 1989 साली मंजूर झालं. रोज एक सुई म्हणजे तुम्हाला गावी राहताच आलं नसतं.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. मग पिशव्याही याच्याच का करत नाही? करतात. पण अंगात ऊब असते, ओल असते. नाल्यात पडलेली तशी पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. तिला कचऱ्याचं खत करणाऱ्या कारखान्यातला, साठ अंशांच्या आसपास तापणारा मोठा ढीग लागतो. म्हणून ‘विरघळणारं प्लास्टिक’ अशी जाहिरात दिसली की मला राग येतो. कुठे विरघळतं, किती दिवसांत, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

आई, आता तुझं. डॉक्टरेटच्या वेळी मी ससून डॉकवरून कोलंबीची टरफलं आणायचे, ते आठवतं? करी रोडपर्यंत लोकलमध्ये बायका माझ्यापासून लांब सरकायच्या. तू पाटावर बसून दाखवलंस, डोकं कसं पिरगाळायचं, पायांच्या बाजूनं अंगठा घालून साल अख्खी कशी काढायची. खानावळीच्या दिवसांत शंभर वेळा केलेलं काम होतं ते तुझं. अंगठ्याला पडलेली ती बारीक चीर मला अजून दिसते. त्या टरफलांतून मी कायटोसान नावाचं पॉलिमर काढायचे. आधी ॲसिडमध्ये टाकायचं, चुना फसफसून निघून जातो. मग सौम्य कॉस्टिकनं प्रथिनं काढायची, मग तीव्र आणि गरम कॉस्टिक. शेवटी पांढऱ्या पापुद्र्यांसारखं काहीतरी हाती यायचं. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात विरघळतं, आणि त्यातही औषध अडकवता येतं.

मला तेव्हा वाटायचं, टाकाऊ टरफलातून औषध, याहून स्वच्छ काय असणार. पण एक दिवस मी मोजलं. मूठभर कायटोसानसाठी बादल्याच्या बादल्या धुण्याचं पाणी आणि ॲसिड-कॉस्टिक सांडपाण्यात जात होतं. निसर्गातलं आहे म्हणून ते आपोआप चांगलं होत नाही. त्या दिवसापासून माझ्या कामाची दिशा बदलली. बाबांच्या अंगात जातं ते काही मिलिग्रॅम. ते करताना मागे काय सांडतं, ते मला बघायचं होतं.

तुमच्यासारख्या इंजेक्शनांचे कण करायला पॉलिमर आधी एका द्रावकात विरघळवतात. वर्षानुवर्षं ते डायक्लोरोमिथेन आहे. काम सुरेख करतं, पण कारखान्यात श्वासावाटे जातं आणि ते माणसाला घातक आहे. औषधात ते दहा लाखांत 600 भागांपेक्षा जास्त उरू द्यायचं नाही, असा नियम आहे. मी त्याच्या जागी इथाइल ॲसिटेट वापरायचं ठरवलं. उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ते करता येतं, आणि त्याची मर्यादा 5000 भागांची आहे, म्हणजे ते तेवढं कमी धोक्याचं.

सलग दोन वर्षं ते जमलं नाही. इथाइल ॲसिटेट पाण्यात बरंच मिसळतं, त्यामुळे थेंबातून ते भराभर निघून जायचं, कण सच्छिद्र व्हायचे आणि महिन्याचं औषध पहिल्याच दिवशी बाहेर पडायचं. माणसाला असं दिलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मी रात्री उठून बसायचे. त्या वेळच्या वरिष्ठांनी सांगितलं, चालू आहे ते चालू दे. त्याच सुमारास तुमची प्रोस्टेटची गाठ सापडली. मी तुम्हाला सांगितलं की कामाचा ताण आहे. तो ताण हा होता.

मग एकदा पाण्यात आधीच इथाइल ॲसिटेट घालून ठेवलं, म्हणजे थेंबातून बाहेर पडायची त्याला घाई राहत नाही. कण गुळगुळीत आले. पहिल्या दिवशी बाहेर पडणारं औषध थोडंसं. मी त्या संध्याकाळी कोणालाच सांगितलं नाही, घरी येऊन भात लावला आणि खूप वेळ कुकरसमोर उभी राहिले. अजून पुष्कळ चाचण्या बाकी आहेत, माणसापर्यंत यायला वर्षं जातील. तुमचं इंजेक्शन जुन्याच पद्धतीचं आहे आणि ते चांगलं आहे, त्याची अजिबात भीती बाळगू नका.

आई, टोचलेल्या जागी लाली किंवा गाठ दिसली तर लगेच फोन कर, ‘पोरीला कशाला त्रास’ असं करू नकोस. आणि पुढच्या वेळी येताना सोडे आण, इथले खारट असतात.

बाबा, पुढच्या तारखेला एक दिवस जास्त राहा. मी परवानगी काढून ठेवते. आमच्याकडचा सूक्ष्मदर्शक चांगला आहे, त्यातून तुम्हाला ते कण दाखवते, जुने आणि नवे, दोन्ही. जवळचा चष्मा विसरू नका.

तुमची,
माली