मूल हवे असणाऱ्यांनाही वेळेवर तारीख मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या जोडप्यांचा किती काळ प्रत्यक्ष उपचारांत जातो आणि किती काळ नुसते ताटकळण्यात जातो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. आम्ही दोघे गेली काही वर्षे त्या रांगेत आहोत. उपचारांना यश येणे न येणे कोणाच्याच हातात पूर्णपणे नसते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु उपचार सुरू होण्याआधीच जो विलंब होतो, त्यातील बराचसा टाळता येण्यासारखा आहे, आणि त्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून आरोग्य विभागाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या उपचारांतील बहुतेक तपासण्या पाळीच्या दिवसांशी बांधलेल्या असतात. बीजांडकोशातील बीजांडांचा साठा पाहण्याची सोनोग्राफी आणि हार्मोन्सची रक्ततपासणी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करावी लागते. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारा एक्स-रे रक्तस्राव थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत काढावा लागतो. तो दिवस हुकला की महिना गेला. आमच्या भागातील सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात आणि त्या दिवशी गरोदर महिलांना आधी घेतात, जे योग्यच आहे. माझा दुसरा दिवस एकदा ऐन लक्ष्मीपूजनाला आला. केसपेपरच्या खिडकीवरील बाईंनी ‘पुढच्या पाळीला या’ असे अगदी सौम्यपणे सांगितले, आणि पुढच्या पाळीला गेले तेव्हा डॉक्टर प्रशिक्षणाला गेले होते. यात एकाही व्यक्तीचा दोष दाखवता येत नाही, आणि म्हणूनच हा विलंब कधी कोणाच्या नजरेत भरत नाही.

तपासण्यांच्या क्रमाचा प्रश्न याहून गंभीर आहे. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगत आहे. वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे, तिला पाळीचे बंधन नाही, आधी दोन ते सात दिवसांचा संयम पाळला की ती कधीही करता येते. तरीही आपल्याकडे ती सर्वांत शेवटी होते. बाईचे रक्त तपासून होते, एक्स-रे होतो, प्रसंगी दुर्बिणीतून तपासणीही होते आणि मग कोणीतरी चाचरत विचारते, ‘मिस्टरांचा रिपोर्ट काढला आहे का?’ शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोष सापडून औषध सुरू केले तरी त्याचा परिणाम दिसायला तीन महिने थांबावे लागते. हे तीन महिने पहिल्याच भेटीपासून मोजता आले असते. तालुक्याच्या ठिकाणी वीर्याचा नमुना देण्यासाठी साधी कडी लागणारी खोलीही नसते. माझ्या पतींच्या हातात डबी देऊन त्यांना रुग्णांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे पाठवण्यात आले, आणि बाहेर दार वाजवणारे लोक उभे होते. अशा ठिकाणाहून एखादा पुरुष परत फिरला, तर त्याला अहंकारी ठरवण्यापूर्वी ती जागा एकदा पाहावी.

थांबणे सगळेच वाईट असते असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या देशात जननमार्गाच्या क्षयरोगामुळे गर्भनलिका बंद होण्याचे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखे नाही, आणि तसे निदान झाले तर सहा महिन्यांची औषधे पूर्ण करूनच पुढे जावे लागते. थायरॉईड किंवा साखर ताळ्यावर आणण्यासाठीही काही काळ द्यावा लागतो. कशासाठी थांबायचे आहे आणि कधीपर्यंत, हे कोणी समोर बसवून सांगितले तर माणूस थांबतो. त्रास होतो तो ‘बघू’ या उत्तराचा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासणी सुरू करावी, आणि स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी, असा डॉक्टरांमधील सर्वमान्य संकेत आहे. प्रत्यक्षात पहिले वर्ष ‘होईल गं’ म्हणण्यात, दुसरे नवसात आणि तिसरे कोणाच्या तरी गावच्या औषधात जाते, आणि एवढे करून दवाखान्यात पोहोचलेल्या बाईला ‘अजून वय आहे’ म्हणून परत पाठवले जाते. तिच्या बीजांडांचा साठा मात्र दरम्यान कमीच होत असतो. २०२१च्या सहाय्यक जननतंत्रज्ञान कायद्याने या उपचारांसाठी स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची कमाल मर्यादा घातली आहे, पण वैद्यकीयदृष्ट्या उशीर त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

आपल्या शासनाला या जोडप्यांची माहितीच नाही, असेही नाही. देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासून चालू आहे आणि आजही गावोगावी आशाताई व परिचारिका जननक्षम जोडप्यांची नोंद ठेवतात; कोणाला किती मुले आहेत, कोण कोणते साधन वापरते, हे सारे त्यांच्याकडे असते. म्हणजे लग्नाला पाच वर्षे झाली, कोणतेही साधन नाही आणि मूलही नाही, अशी जोडपी सरकारी वहीत आधीपासून आहेत. त्या नोंदीतून पुढे काहीच घडत नाही, कारण तांबीसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी जशी वाट आखून दिलेली आहे, तशी या बाजूला आखलेली नाही. मातृत्व लाभाच्या कायद्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रीला दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारासाठी भूल देऊन बीजांडे काढून घेतलेल्या स्त्रीसाठी त्यात एक शब्द नाही. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत, आणि खासगी आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांच्या यादीतही सतराव्या क्रमांकावर हेच उपचार बसवलेले आहेत. पैसे साठेपर्यंत थांबणे, हा या विलंबातील सर्वांत लांबलचक भाग आहे आणि त्यात शेती, सोने, भिशी, पतसंस्था असे सगळे येते.

मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयाशी या विषयाचा जो संबंध आहे, त्याची या संदर्भात आठवण होते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथे टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, ते एका सार्वजनिक रुग्णालयात. त्याला आता चार दशके होत आली आणि सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातील माणूस आजही पुण्याची एसटी पकडतो, तीही खासगी दवाखान्यात जाण्यासाठी. शेजारच्या गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांचे, केंद्र सुरू केले. गोवा लहान आहे, तिथले अंतर आणि लोकसंख्या वेगळी, हे मला मान्य आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात आयव्हीएफ केंद्र काढा अशी माझी मागणीही नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जोडप्याला एकत्र तपासणारा बाह्यरुग्ण विभाग असावा. पहिल्याच भेटीत वीर्यतपासणी व्हावी आणि त्यासाठी बंद खोली असावी. पाळीच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या बाईला सोनोग्राफीसाठी आगाऊ तारीख मागू नये, सुटी आली तर जवळच्या खासगी केंद्राची चिठ्ठी द्यावी. आणि सहा महिन्यांत तपासण्या पूर्ण करून, पुढे कुठे जायचे ते एका कागदावर लिहून द्यावे. याला नवीन इमारत लागत नाही, यंत्रेही बहुतेक आहेत.

तोवर आमच्यासारख्यांनी दिवस कसे काढावेत, हे प्रत्येक घराने आपापले ठरवलेले असते. आम्ही सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलला लावले, त्यामुळे नव्या डॉक्टरांनी त्याच तपासण्या पुन्हा सांगण्याचे थांबले. कार्यालयात एका वरिष्ठ बाईंना खरे कारण सांगून ठेवले आहे, म्हणून रजेसाठी दर वेळी नवा ताप आणावा लागत नाही. हळदीकुंकवाला ‘गोड बातमी कधी?’ असे कोणी विचारले, तर सासूबाईच ‘डॉक्टरांचे चालू आहे, दोघांचेही’ असे सांगतात, आणि त्या ‘दोघांचेही’मुळे पुढचे प्रश्न बहुधा येत नाहीत. २०२१च्या त्याच कायद्याने उपचार केंद्रांवर जोडप्याला समुपदेशन देण्याची जबाबदारी टाकली आहे. पण ते केंद्रात पोहोचल्यावर. त्याची गरज सर्वांत जास्त असते ती त्याआधीच्या, कोणीच काही सांगत नसलेल्या काळात.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. विलंबाने हैराण झालेले लोक हमखास गुणाच्या जाहिरातीकडे वळतात. २०२१च्या कायद्यानुसार प्रत्येक आयव्हीएफ केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. आपल्या पानांवर येणाऱ्या अशा केंद्रांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक छापणे आपण सक्तीचे करावे, आणि तो नसेल तर जाहिरात नाकारावी.

आपली,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)