वहिनींना कोपनहेगनहून

कोपनहेगन,
ऑक्टोबर

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

पोरांनी फोनवर हॉटडॉगची कृती विचारली होती. फोनवर घाईघाईत सांगितलं की निम्मं राहून जातं, म्हणून आता सविस्तर लिहिते. दिवाळीच्या सुट्टीत सगळे घरी असतील तेव्हा करा. निफाडला आपल्या घरी हा पदार्थ इथल्यापेक्षाही चांगला होईल असं मला मनापासून वाटतं, कारण यात कांदा दोन तऱ्हांनी लागतो, कच्चा आणि तळलेला, आणि कांद्याची आपल्याकडे काय कमी!

इथे हॉटडॉग गाड्यांवर मिळतो. गाडीला पोल्सेवोन म्हणतात, पोल्से म्हणजे सॉसेज. कोपनहेगनच्या रस्त्यांवर या गाड्या 1921 साली सुरू झाल्या. आता पूर्वीइतक्या उरल्या नाहीत. शॉर्माची दुकानं आली, पिझ्झा आला, आणि हॉटडॉग तर पेट्रोलपंपावरही मिळू लागला. पण ज्या गाड्या उरल्यात त्यांच्यापाशी दुपारी हमखास माणसं दिसतात. कोटातला साहेब आणि रस्ता खोदणारा कामगार एकाच फळीला टेकून, वाऱ्यात उभ्याउभ्या खात असतात. मला हे फार आवडतं. रुंडेटॉर्न म्हणून 17व्या शतकातला एक गोल मनोरा आहे, त्याच्या पायथ्याशी सेंद्रिय पदार्थांची एक गाडी लागते. तिच्यावर बिनमांसाचं सॉसेजही मिळतं. आईला इथे आणलं तर तिथेच नेईन.

गाडीवाल्याचा हात बघण्यासारखा असतो. पाव उघडायचा, सॉसेज ठेवायचं, बाटल्यांतून केचप, मोहरी आणि रेमुलाड नावाच्या सॉसच्या तीन रेघा ओढायच्या. त्यावर बारीक चिरलेला कच्चा कांदा, मग मूठभर कुरकुरीत तळलेला कांदा, आणि सगळ्यात वर काकडीच्या पातळ चकत्या, एकीवर एक सरकवून. सॉसेज पावापेक्षा लांब असतं, दोन्ही टोकं बाहेर डोकावतात. हाच क्रम घरीही ठेवा. काकडी खाली गेली तर पाव ओला होतो.

आता एकेक सांगते.

काकडी आदल्या दिवशीच करून ठेवा. एक मोठी काकडी, साल तशीच ठेवून, पलीकडचं दिसेल इतकी पातळ कापा. अर्धा चमचा मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि हाताने घट्ट पिळून पाणी काढा. हे पिळणं टाळू नका, नाहीतर सगळं पाणचट होतं. एक वाटी पांढरं व्हिनेगर, पाऊण वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करा. त्यात काकडी आणि थोडी मिरपूड घालून फ्रीजमध्ये ठेवा. चव आंबटगोड हवी. आपण काकडीच्या कोशिंबिरीला फोडणी देतो तशी इथे अजिबात नको.

तळलेल्या कांद्यात खरी मेहनत आहे. यासाठी चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा घ्या, पावसाळी लाल कांदा नको. त्यात पाणी फार, तो मऊ पडतो. कांदा अगदी पातळ उभा चिरून फडक्यावर पसरा, ओल टिपून घ्या. मग चिमूटभर मीठ आणि दोन-तीन चमचे मैदा त्यावर भुरभुरून हलक्या हाताने चोळा, जास्तीचा मैदा झटकून टाका. मैद्याच्या या पातळ आवरणामुळे तो बिर्याणीच्या कांद्याहून वेगळा होतो, जास्त वेळ कुरकुरीत राहतो. तेल मध्यम तापवून थोडा थोडा तळा आणि फिका सोनेरी दिसला की लगेच काढा. बाहेर काढल्यावरही त्याचा रंग चढत राहतो. तेलातच तांबूस होईपर्यंत थांबलात तर कडू लागेल.

रेमुलाड हा पिवळा सॉस दुकानात मिळणार नाही, पण घरी सहज होतो. एक वाटी मेयोनीज घ्या. आईसाठी बिनअंड्याचं चालेल. कोबी, फ्लॉवर आणि गाजर अगदी बारीक चिरून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घाला, निथळून कोरडं करा. असं तीन-चार चमचे मेयोनीजमध्ये मिसळा. वरच्या काकडीतलीच थोडी बारीक चिरून, एक चमचा मोहरीचा सॉस, चवीला साखर, आणि पाव चमचा हळद, पाव चमचा धणेपूड, चिमूटभर जिरेपूड. इथे यासाठी करी पावडर वापरतात. तिच्यात धणे, हळद, जिरं, मेथी हेच असतं, तेव्हा आपला डबा पुरेसा आहे. तासभर मुरू द्या.

सॉसेज इथे मुख्यतः डुकराच्या मांसाचं असतं, हे दादाला सांगून ठेवा. तुम्ही नाशिकहून चिकनचं आणा. पाणी उकळलं की गॅस बंद करून त्यात सॉसेज सात-आठ मिनिटं ठेवा. खळखळ उकळलं तर साल फुटते आणि रस पाण्यात जातो. मग तव्यावर थोड्या तेलात सगळीकडून खरपूस करा. इथे एक भडक लाल सॉसेजही असतं, ते गाडीवर गरम पाण्यातूनच काढून देतात. लाल रंग फक्त सालीला असतो. शिळी सॉसेजं स्वस्तात विकताना ओळखू यावीत म्हणून ती रंगवायची पद्धत पडली असं इथले लोक सांगतात. तुम्ही त्या रंगाच्या भानगडीत पडू नका.

आईसाठी उकडलेला बटाटा, भिजवून पिळलेले सोया चंक्स, ब्रेडचा चुरा, मीठ, मिरपूड आणि किंचित जायफळ मळून लांबट रोल करा, तव्यावर भाजा. आलं, लसूण, हिरवी मिरची घालण्याचा मोह होईल, पण पहिल्यांदा तरी घालू नका. वरच्या सगळ्या चवी मधल्या साध्या चवीवरच खुलतात.

पाव बेकरीवाल्याला लांबट करून मागा, मऊसर. फक्त गरम करा, लोण्यात भाजू नका. कच्चा कांदा अगदी आयत्या वेळी चिरा. आणि सगळं ताटात वाढून देण्यापेक्षा वाट्या मांडून ठेवा, ज्याने त्याने आपापला भरून घ्यावा. पोरांना त्यातच जास्त मजा येईल.

आईच्या गुडघ्याला आता कसं आहे? नवीन गोळ्यांचा फरक पडला का ते लिहा. दादाने लाल कांदा या वर्षी किती लावलाय आणि बाजारात भाव काय निघतोय तेही कळवा, मी इथून रोज बघते पण गावचं खरं गावातूनच कळतं. आईबाबांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. केलात की फोटो पाठवा, आणि तळलेला कांदा कसा झाला ते आधी सांगा.

तुमची नणंद