बोलतोय म्हणजे बरा आहे असं नसतं

संपादक महोदय,

डोक्याला मार लागला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'बोलतोय ना, मग काही नाही'. क्रिकेटर रमण लांबा 1998 मध्ये ढाक्याला शॉर्ट लेगला बिनहेल्मेटचा उभा होता, बॉल डोक्यात बसला, स्वतः चालत मैदानाबाहेर गेला आणि 3 दिवसांनी वारला, मेंदूत रक्तस्राव होऊन.

कानशिलाजवळचं हाड पातळ असतं, आतल्या बाजूने धमनी जाते, ती फुटली की कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठतं. पेशंट तासभर, कधी जास्त, व्यवस्थित बोलतो, चहा मागतो आणि मग उलट्या, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी. वेळेत ऑपरेशन झालं तर असा माणूस ठणठणीत बरा होऊ शकतो, पण आपण बाम चोळून झोपवून ठेवतो!

म्हाताऱ्या माणसांचं आणखी वेगळं. वयाने मेंदू आकसतो, वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, बाथरूममध्ये जरासं घसरलं तरी शीर तुटते आणि रक्त हळूहळू साठत राहतं, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बघायलाच नको. शेजारच्या काकांचा महिन्याभराने पाय ओढायला लागला, शर्टाची बटणं लागेनात, बोलण्यात गोंधळ, सगळे म्हणाले वय झालं. सुनेला ते पडल्याचं आठवलं म्हणून सीटी स्कॅन झाला, कवटीला भोक पाडून जळक्या ऑइलसारखं रक्त काढलं, आता काका रोज तुमचा पेपर वाचतात. त्या पोरीचं खरंच कौतुक.

आणि मार न लागताही एका क्षणात आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी उठली, मान आखडली, तर ते पित्त समजू नका, मेंदूची फुगलेली धमनी फुटलेली असू शकते, लगेच 108 ला फोन करा.

माझी मागणी एकच आहे, डोक्याला मार लागलेल्या पेशंटला घरी सोडताना काय झालं तर परत आणायचं याचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात द्या. आमच्या ओळखीच्यांना मिळाला तो इंग्रजीत होता, घरात कुणाला वाचता आला नाही, औषधांच्या पिशवीत तसाच पडून राहिला.

- एक वाचक, सांगली