पेपर मराठीत आहे, तयारी कशातून करायची? एलएल.बी. सीईटीबद्दल उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात एलएल.बी.ला प्रवेश घ्यायचा तर २०१६ पासून सीईटी द्यावी लागते. ती घेणारा राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष आपल्या खात्याच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. आम्ही या परीक्षेची तयारी करून घेणारी माणसे आहोत. परीक्षा रद्द करा, सोपी करा, असे आमचे काही म्हणणे नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर हा पेपर मराठीतून देता येतो आणि ही मोठी गोष्ट आहे. मात्र मराठीतून पेपर देणाऱ्याने अभ्यास कोणत्या शब्दांत करायचा, हे त्याला कोणीच सांगितलेले नाही.

एक साधे वाक्य घ्या. करारांच्या कायद्याचा पहिला धडा असा असतो : प्रत्येक संविदा हा करार असतो, पण प्रत्येक करार ही संविदा नसते. कायद्याने ज्याची अंमलबजावणी करून घेता येते तो करार म्हणजे संविदा. आता बोलण्यातल्या मराठीत दोन्हींना आपण ‘करार’च म्हणतो, आणि बाजारातल्या पुस्तकांवरही कुठे ‘संविदा अधिनियम’ तर कुठे ‘करार कायदा’ असे छापलेले असते. भाषांतर करणाऱ्याने दोन्हीकडे ‘करार’ लिहिले की वाक्य होते : प्रत्येक करार हा करार असतो, पण प्रत्येक करार हा करार नसतो. परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलाने यातून काय घ्यायचे? तो इंग्रजी मजकुराकडे वळतो, तो वाचतो, परत मराठीकडे येतो. प्रश्नामागे एक मिनिट असलेल्या परीक्षेत त्याची दोन मिनिटे गेलेली असतात.

असे शब्द मोजकेच आहेत, पण नेमके तेच पुन्हापुन्हा येतात. प्रतिफल की मोबदला? शून्य (मुळातच रद्द) आणि शून्यनीय (एका पक्षाला रद्द करता येणारा) यांतला फरक अभ्यासाआधी कुणाला माहीत असतो? बलाद्ग्रहण म्हणजे आपली रोजची खंडणी, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. गैरनिरोध आणि गैरपरिरोध ही जोडी तर वकिलांनाही थबकायला लावते : ज्या दिशेला जायचा माणसाला हक्क आहे तिकडे जाऊ न देणे हा निरोध, आणि चारी बाजूंनी कोंडून ठेवणे हा परिरोध. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘अनुच्छेद २१’ असते, वर्तमानपत्रात ‘कलम २१’. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, केंद्रीय कायद्यांची मराठी भाषांतरे आहेत. म्हणजे शब्द घडवण्याचे कष्ट शासनाने आधीच घेतले आहेत. त्यांतले दोन-अडीचशे शब्द निवडून, शेजारी इंग्रजी शब्द आणि एका ओळीचा अर्थ देऊन माहितीपुस्तिकेसोबत प्रसिद्ध करावेत आणि प्रश्नपत्रिकेत तेच शब्द वापरण्याचे बंधन घालावे. आमची पहिली मागणी ही. खर्चाच्या मानाने एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा होईल असे वाटत नाही.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीची अलीकडची रचना अशी आहे : १२० प्रश्न, १२० मिनिटे; इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक कल आणि तर्काचे २४, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे २४. पूर्वी दोन तासांत १५० प्रश्न असत. संख्या कमी केली हे योग्यच झाले. पण अधिकृत अभ्यासक्रम म्हणून विद्यार्थ्याच्या हाती पडतात ती बहुतेक या चार भागांची नावेच. ‘कायदेविषयक कल’ म्हणजे दिलेल्या तत्त्वावरून निष्कर्ष काढणे, की अनुच्छेद आणि लॅटिन वचने पाठ असणे? या परीक्षेत दोन्ही प्रकार विचारले जातात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही, उतारा वाचून उत्तर द्यायचे, हे तिथे स्पष्ट सांगितलेले असते. इथे प्रमाण माहीत नसल्यामुळे मुले घटनेचे अनुच्छेद घोकत राहतात आणि तर्काचा सराव राहून जातो.

हा तर्काचा सराव म्हणजे काय, ते एका प्रश्नावरून पाहा.

तत्त्व : दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे घेण्याच्या हेतूने हलवणे म्हणजे चोरी. जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नसते, पण जमिनीपासून सुटी होताच तिची चोरी होऊ शकते. ज्या कृतीने वस्तू सुटी झाली त्याच कृतीने ती हलली, तरी ते हलवणेच होय.

प्रसंग : ‘अ’ने ‘ब’च्या बांधावरचा साग नेऊन विकण्यासाठी रात्री तोडला. झाड आडवे झाले आणि तेवढ्यात राखणदाराची बॅटरी दिसली. ‘अ’ पळाला. लाकूड जागेवरच राहिले. चोरी झाली का?

वर्गात हमखास तीन चुकीची उत्तरे येतात. एक, लाकूड नेलेच नाही, मग चोरी कसली. दोन, झाड स्थावर असते. तीन, हा फक्त प्रयत्न झाला. उत्तर आहे : चोरी झाली. झाड तुटून पडले त्या क्षणी ती पूर्ण झाली. तत्त्वाचे तिसरे वाक्य वाचणाऱ्याला हे जमते, मनातल्या न्यायबुद्धीने उत्तर देणाऱ्याला जमत नाही. आता मराठी मजकुरात ‘जंगम’च्या जागी कुणी ‘हलणारी वस्तू’ लिहिले, तर जागेवर पडलेल्या ओंडक्याला मूल हलणारी वस्तू म्हणणार नाही. तर्क बरोबर असूनही त्याचा गुण जाईल.

नात्यांच्या कोड्यांत याच्या उलट घडते. इंग्रजीतल्या ‘सिस्टर-इन-लॉ’ला मराठीत नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी असे चार-चार शब्द आहेत. भाषांतरकाराने ‘नणंद’ लिहिले की इंग्रजी प्रश्नात नसलेली माहिती मराठी वाचणाऱ्याला फुकट मिळते; ‘जाऊ’ लिहिले तर कधी प्रश्नच सुटत नाही. ‘अंकल’चे काका करावे की मामा, हा तर कोड्याचाच गाभा असू शकतो. असे प्रश्न भाषांतरित करू नयेत, मराठीत वेगळे रचावेत. आणि मराठी मजकूर परीक्षेपूर्वी अशा एका माणसाकडून सोडवून घ्यावा, ज्याने इंग्रजी मजकूर पाहिलेलाच नाही. हे शेवटचे आम्ही आग्रहाने सांगतो. दोन्ही मजकूर समोर ठेवून तपासणाऱ्याला अशा चुका दिसतच नाहीत, कारण अर्थ त्याला आधीच माहीत असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंविची) ५११ कलमे होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली, चोरी ३७८ वरून ३०३ वर आली, खासगी बचावाचा हक्क ९६ ते १०६ मधून ३४ ते ४४ मध्ये. फसवणुकीचे ४२० तर आपल्या बोलीत शिवी होऊन बसले आहे. ते आता ३१८ चे चौथे पोटकलम. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी मार्गदर्शक पुस्तके अर्ध्या किमतीत मिळतात, आणि ज्याला अर्धी किंमतच परवडते तो तीच घेतो. शिवाय जुना कायदा पुरता गेलेलाही नाही : १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच लागू होते. त्यामुळे ‘खुनाची शिक्षा कोणत्या कलमात आहे?’ एवढाच प्रश्न विचारला तर दोन उत्तरे बरोबर ठरतात. प्रश्नात कायद्याचे नाव असलेच पाहिजे. खरे तर कलमांचे आकडे विचारूच नयेत. वकिलीला निघालेल्या मुलाने कलम शोधायला शिकावे, पाठ करायला नव्हे. पण विचारायचेच असतील तर कोणत्या कायद्याचे, हे माहितीपुस्तिकेत एका ओळीत सांगा.

इंग्रजीचे ४० प्रश्न म्हणजे पेपरचा तिसरा हिस्सा. तो मराठीत देता येत नाही, आणि देता यावा असेही आम्ही म्हणत नाही. पण मराठी माध्यमाची मुले इथे ज्या जागी घसरतात त्या जागा ठरलेल्या आहेत. मराठीत ‘ए’ आणि ‘द’ यांना जोड नाही, म्हणून ती सुटतात. ‘च्याबद्दल चर्चा’ डोक्यात असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’ येते. ‘च्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’. आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’मधले राहून गेलेले अनेकवचन कुणालाच खटकत नाही. शब्दसंग्रहाच्या जाड वह्यांपेक्षा रोज तीन-चारशे शब्दांचा एक उतारा, त्यावर पाच प्रश्न आणि अशा दहा चुकीच्या वाक्यांची दुरुस्ती, एवढे चार महिने केले तरी फरक पडतो. कक्षाने असे साठ उतारे संकेतस्थळावर ठेवले तर गडचिरोलीतल्या मुलीला ते पुण्यातल्या मुलाइतकेच मिळतील.

चालू घडामोडींसाठी फक्त कालमर्यादा सांगा : परीक्षेआधीचे दहा महिने की अठरा.

चुकीच्या उत्तराला या परीक्षेत गुण कापत नाहीत; क्लॅटमध्ये पाव गुण कापतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट लागते, आणि ती इंग्रजीतच असते. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी देणारी बरीच मुले दोन्ही परीक्षा देतात आणि दोन सवयींची गल्लत करतात. क्लॅटची सवय लागलेला इथे दहा-बारा प्रश्न कोरे ठेवून उठतो. आमचा हिशेब असा असतो : सामान्य ज्ञानाला १२ मिनिटे, कारण ते येते किंवा येत नाही, इंग्रजीला ३५, कायद्याच्या तर्काला ३०, तार्किक क्षमतेला ३३ आणि हाताशी १०. शेवटच्या तीन मिनिटांत एकही प्रश्न कोरा राहू द्यायचा नाही. ही शिस्त कागदावर येत नाही, पडद्यावर सराव करूनच येते. म्हणून प्रत्यक्ष परीक्षेसारखीच पडदा-मांडणी, घड्याळ आणि मराठी अक्षरवळण असलेल्या किमान पाच पूर्ण सराव चाचण्या द्या. परीक्षेनंतर उमेदवाराला आपली प्रश्नपत्रिका आणि उत्तरे आक्षेपापुरती लॉगिनमध्ये दिसतात. पुढच्या वर्षीच्या मुलांपर्यंत पोचतात ते कुणीतरी आठवून लिहिलेले, अर्धवट प्रश्न. आक्षेपांची मुदत संपली की सर्व सत्रांच्या प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत, अंतिम उत्तरांसह जाहीर करायला काय हरकत आहे? आक्षेपाला शुल्क ठेवायचे तर ठेवा, पण आक्षेप खरा निघाला तर ते परत करा.

पर्सेंटाइलचा खुलासाही पुस्तिकेत उदाहरणासह हवा. परीक्षा अनेक सत्रांत झाली की ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. सत्रात १०,००० उमेदवार बसले असतील आणि त्यांतल्या ९,२०० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असतील, तर तुमचे पर्सेंटाइल ९२. एवढे न कळल्यामुळे पालक चुकीची महाविद्यालये पसंतीक्रमात वर टाकतात.

एक गोष्ट अभ्यासाबाहेरची, पण वर्ष वाया घालवणारी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार ज्याने आधीची पायाभूत पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी मिळवली, तो एलएल.बी.ला पात्र नाही. बारावी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेला चालतो, बारावी न होता पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून बी.ए.ला गेलेला चालत नाही. नोकरी करून शिकलेल्या, चाळिशीतल्या माणसाला हे कागदपत्रांच्या पडताळणीत कळते, तोवर शुल्क भरलेले, अभ्यास झालेला आणि परीक्षाही दिलेली असते. सीईटीच्या अर्जातच ‘पदवीपूर्वी बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण आहात का?’ असा प्रश्न घाला आणि ‘नाही’ म्हटल्यावर नियम मराठीत दाखवा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची ३१ मार्चची मुदत आणि जात वैधतेला लागणारा वेळ यांची सूचनाही तिथेच, अर्ज भरतानाच द्या. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर तहसील कचेरीत जी रांग लागते, तिच्यातली निम्मी माणसे तीन महिने आधी येऊ शकली असती.

यांतली बरीचशी कामे परिपत्रकाने होण्यासारखी आहेत. सगळे एकदम होणार नाही, हे आम्हालाही कळते. पण पुढची माहितीपुस्तिका निघेल तेव्हा तिच्या शेवटी शब्दसूचीची आठ पाने असतील, एवढे या वर्षी करता येईल. भाषा संचालनालयाचे एक अधिकारी, कायद्याचे दोन प्राध्यापक आणि जिल्हा न्यायालयात मराठीत दावे लिहिणारा एक वकील यांना पंधरा दिवस एकत्र बसवा. सूचीचा मसुदा लागणार असेल तर आम्ही तो पाठवायला तयार आहोत. ‘करार’ आणि ‘संविदा’ त्यात पहिल्याच ओळीवर आहेत.

आपले,
एलएल.बी. सीईटीचे मराठीतून मार्गदर्शन करणारे शिक्षक