कुत्रा चावल्यावर सिरमही मागून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा चावला की आपल्या ठाण्यात लोक लस घ्यायला धावतात, हे चांगलंच. पण कातडी फाटून रक्त आलं असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा चावा, आणि त्याला नुसती लस पुरत नाही. सोबत रेबीजचं सिरम लागतं. ओपीडीत परिचारिका म्हणून माझं आयुष्य गेलं, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

लस टोचल्यावर शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला रोखणारे घटक, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. चेहऱ्यावर, मानेवर चावा असेल तर इतके दिवस थांबणं जिवावर बेतू शकतं. सिरममध्ये ही प्रतिपिंडं आयती असतात आणि ती बहुतेक ठिकाणी घोड्याच्या रक्तातून मिळवलेली असतात. घोड्याला टप्प्याटप्प्याने लस देतात, मग ठरावीक रक्त काढून त्यातला प्लाझ्मा, म्हणजे प्रतिपिंडं असलेला पातळ भाग, वेगळा करतात. येऊर-शहापूरकडे घोणस किंवा मण्यार चावलेल्या माणसाला देतात ते औषधही घोड्याच्याच रक्तातलं. घटसर्पावरच्या अशाच सिरमसाठी १९०१ साली एमिल फॉन बेरिंग यांना वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं.

तरीही ‘घोड्याचं रक्त नको’ म्हणून सिरम नाकारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की अंगात रक्त नव्हे, शुद्ध केलेली प्रतिपिंडं जातात. ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तर सिरम दिल्यावर रुग्णाला बसवून ठेवतात आणि ॲड्रिनलिन हे ॲलर्जीवरचं औषध हाताशी असतं. तिच्यावर उपचार आहे. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. घोड्याच्या सिरमचा डोस रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे ४० युनिट. ते दंडात नाही, जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं असतं. दुखतं, लहान मुलं आकांत करतात, पण ते टाळू नये. सिरम पहिल्याच दिवशी घ्यावं. ते राहून गेलं तर लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच घेता येतं.

महापालिकेने प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लशीशेजारी सिरमचा आजचा साठा लिहावा. नसेल तर ते कुठे मिळेल आणि रात्री कुठे जायचं, हेही तिथेच लिहावं. रक्ताळलेलं पोर कडेवर घेऊन आलेल्या आईला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कोपरी, ठाणे (पूर्व)